मकावचा 'लादू' आणि दुकानात न पोहोचलेली मिठाई

१/ चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर, पर्ल नदीच्या मुखाशी मकाव नावाचे छोटेसे शहर आहे. तेथील जुन्या मकावी घरांत सणासुदीला एक मिठाई होत असे, क्वचित आजही होते. चिकट तांदळाचे पीठ, साखर, चिलगोजे आणि वरून भाजलेल्या कडधान्याच्या पिठाचा जाड थर. रूपाने ती आपल्या ओळखीची नाही. नाव मात्र ऐकावे: 'लादू'. रोमन लिपीत लिहिला जाणारा हा शब्द म्हणजे आपला लाडूच.

तो तेथवर कसा गेला, हा या धाग्याचा पहिला भाग. चार शतके टिकलेली ही मिठाई आज मकावला जाणाऱ्या कोट्यवधी पर्यटकांपैकी जवळजवळ कोणाच्याही हाती का पडत नाही, हा दुसरा.

२/ आधी 'मकावी' कोण, ते स्पष्ट करू. मकावमध्ये राहणारा प्रत्येक जण मकावी नव्हे. शहराची वस्ती आज पावणेसात लाखांच्या आसपास आहे आणि त्यांतील बहुसंख्य लोक चिनी आहेत. मकावी म्हणजे पोर्तुगीज पुरुष आणि आशियाई स्त्रिया यांच्या संबंधांतून घडत गेलेला एक छोटा समाज. धर्म कॅथलिक, आडनावे पोर्तुगीज, कचेरीत पोर्तुगीज भाषा, बाजारात कँटनीज आणि आजीच्या तोंडी 'पातुआ' नावाची स्वतःची मिश्र बोली. या बोलीची नोंद युनेस्कोने २००९ साली अत्यंत संकटग्रस्त भाषांत केली. बोली गेली तरी स्वयंपाक मागे राहतो, असे आपण सहज बोलून जातो. ते कितपत खरे आहे, ते पुढे पाहू.

३/ तीन सनावळ्या ध्यानात ठेवाव्यात. १५१०: गोवा पोर्तुगीजांच्या हाती. १५११: मलाक्का. १५५७: मकावमध्ये कायमची वसाहत. हा क्रम म्हणजेच समुद्रमार्ग. लिस्बनहून थेट मकावला कोणी जात नसे. गोवा हे पोर्तुगीजांच्या 'एस्तादो दा इंडिया'चे, म्हणजे पूर्वेकडील साऱ्या सत्तेचे मुख्य ठाणे होते आणि मकाव त्याच्या अधिकाराखाली मोडत असे. ही प्रशासकीय गाठ सुटली ती थेट १८४४ साली. जवळजवळ तीन शतके मकावचा वरचा अधिकारी पणजीत किंवा जुन्या गोव्यात बसत होता, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात कुठेच येत नाही.

४/ गोव्याहून मोठे व्यापारी जहाज एप्रिल-मेच्या सुमारास निघे. मलाक्का, मग मकाव, तेथे रेशमाची खरेदी आणि पुढच्या वाऱ्याची वाट, मग जपानातील नागासाकी. ये-जा पुरी व्हायला दोन-तीन वर्षे सहज लागत. जहाज वाऱ्यावर चाले, म्हणजे माणसे महिनोन्‌महिने एकेका बंदरात अडकून पडत. अडकलेला माणूस घर मांडतो, चूल मांडतो.

(वसईचे गोन्सालो गार्सिया याच जलमार्गाच्या जगातले. जन्म १५५७च्या आसपास, जपानात व्यापार, मनिलात फ्रान्सिस्कन पंथाची दीक्षा आणि १५९७ साली नागासाकीला क्रूसावर मृत्यू. आपल्या किनाऱ्याची माणसे तेव्हाच तेथवर गेलेली होती.)

५/ चूल कोणी मांडली? पहिल्या पिढ्यांत पोर्तुगालमधून मकावला येणाऱ्या स्त्रिया अगदीच थोड्या होत्या. जहाजांबरोबर गोव्याच्या, मलाक्काच्या, पुढे जपानच्या आणि चीनच्या स्त्रिया त्या घरांत आल्या. काही लग्नाच्या बायका म्हणून, काही चाकर म्हणून आणि पुष्कळशा गुलाम म्हणून. हे शेवटचे वाक्य पाककृतींच्या सुंदर छपाईच्या पुस्तकांत सहसा नसते. ज्यांच्या हातांनी ही मिठाई घडली त्यांतील बहुतेकींची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. त्यांचे शब्द तेवढे पदार्थांच्या नावांत उरले आहेत, म्हणून आपल्याला नावांपासूनच सुरुवात करावी लागते.

६/ 'लादू' पाहिला. आता 'अलुआ'. तांदळाचे पीठ, खोबरे, बदाम, साखर आणि लोणी किंवा डुकराची चरबी एकत्र घोटून केलेली वडी. शब्द अर्थातच हलवा: अरबीतून फारसीत, तेथून हिंदुस्थानात, मग पोर्तुगीज तोंडातून मकावला. तुपाची जागा चरबीने घेतली, कारण दक्षिण चीनमध्ये दुभती जनावरे कमी आणि डुक्कर घरोघरी. नाव तेच राहिले आणि त्यातला स्निग्ध पदार्थ बदलला. एखाद्या कर्मठ मिठाईवाल्याला हे रुचणार नाही, पण स्थलांतरित स्वयंपाक असाच जगतो.

७/ गुळाचेही पाहा. पोर्तुगीजांनी मलबारात गुळासाठी शब्द उचलला 'जाग्रा'. त्याचे मूळ मल्याळम 'चक्करा' आणि त्याच्याही मागे संस्कृत 'शर्करा'. मकावच्या स्वयंपाकघरात 'जाग्रा' हा शब्द पोहोचला, पण माडाचा गूळ तेथे सहजी मिळेना. तेव्हा चिनी बाजारातील उसाच्या तपकिरी साखरेच्या चपट्या वड्या वापरात आल्या आणि त्यांनाच 'जाग्रा' म्हणू लागले. शब्द संस्कृत वळणाचा, वस्तू चिनी, लिहिणारा हात पोर्तुगीज शाळेत शिकलेला.

८/ मात्र वाट एकतर्फी नव्हती. गोव्यात नाताळला होणारे दोदोल आठवा: तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ, तासन्‌तास ढवळून हात भरून येईपर्यंत. आपण त्याला अस्सल गोव्याचे म्हणतो. पण 'दोदोल' हा शब्द आणि पदार्थ मलाया-जावाकडचा, आजही इंडोनेशिया-मलेशियात घरोघरचा. तो पश्चिमेकडे गोव्याला आला आणि पूर्वेकडे मकावलाही गेला. मलाक्का हे मधले नाके. तेथील युरेशियन ख्रिस्ती आजही 'सुजी केक' करतात आणि त्यातली 'सुजी' म्हणजे आपला रवा.

गोवेकर लाडू पूर्वेला गेला, मलायी दोदोल पश्चिमेला आले. 'पोर्तुगीज मिठाई' या एका शब्दात हे सारे कोंबून बसवणे हा आळस आहे.

९/ आता बेबिंका. गोव्यातील बेबिंका म्हणजे धीराची परीक्षा. अंड्याचे बलक, नारळाचे दूध, साखर, मैदा, जायफळ. एक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची आच द्यायची, तो खरपूस झाला की तूप सोडायचे, मग दुसरा थर. सात थर तरी हवेतच. हौशी घरांत त्याहून कितीतरी अधिक. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातील बिबियाना नावाच्या जोगिणीने तो प्रथम केला आणि लिस्बनच्या सात टेकड्यांसाठी सात थर योजले, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट गोड आहे, पण तिला दंतकथेपेक्षा अधिक वजन देऊ नये.

१०/ कारण हे नाव एका मठात मावणारे नाही. फिलिपिन्समध्ये 'बिबिंगका' आहे, तांदळाच्या पिठाचा, केळीच्या पानावर भाजलेला. इंडोनेशियात 'बिंगका' आहे. आणि मकावमध्ये 'बेबिंका द लैत', म्हणजे दुधाचा बेबिंका. त्यात गाईचे दूध, नारळाचे दूध, अंडी, साखर आणि थोडे स्टार्च. भट्टीत वरचा पापुद्रा तपकिरी होईपर्यंत भाजलेली, चमच्याने खाता येईल अशी मऊ खीरवडी म्हणा. थर एकही नाही!

नावाचे मूळ नेमके कोणत्या भाषेत, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण पोर्तुगीज बोटी जेथे जेथे नांगरल्या तेथे तेथे ते सापडते, आणि प्रत्येक बंदरात त्याखाली वेगळा पदार्थ.

११/ या शब्दप्रवासाचा पाठलाग करणारा मोठा अभ्यासक आपल्या शेजारचाच होता. बार्देशातील आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो (१८५५–१९२२). धर्मगुरू, कोंकणीचे कोशकार आणि 'ग्लोसारियो लुझो-आसियातिको' या दोन खंडी कोशाचे कर्ते (१९१९ आणि १९२१). आशियाई भाषांतून पोर्तुगीजमध्ये गेलेल्या शब्दांची अशी नोंद त्याआधी कोणी केली नव्हती. ज्यांना व्युत्पत्तीची गोडी आहे त्यांनी हे नाव लिहून ठेवावे. मराठी वाचकाला ते जितके परिचित असायला हवे तितके नाही.

१२/ आता मकावच्या नाताळात शिरू. मकावी घरांत नाताळच्या तीन मिठायांना मिळून एक अर्थ आहे. 'अलुआ' ही बाळ येशूची गादी. 'कोस्कोरोंइश', म्हणजे पातळ लाटून तळलेल्या कुरकुरीत घड्या, ही त्याची चादर. आणि 'फार्तेश' नावाची सारण भरलेली छोटी मिठाई ही त्याची उशी. गोठ्यात जन्मलेल्या बाळासाठी ताटात अंथरूण घातलेले असते.

गादी हिंदुस्थानी नावाची, चादर पोर्तुगालच्या खेड्यातली. आणि उशी?

१३/ उशीची कथा जुनी आहे. २२ एप्रिल १५०० रोजी काब्रालचे तारू ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले. ताफ्यातील लेखनिक पेरू वाझ द कामिन्या याने राजाला जे पत्र लिहिले त्यात तेथील दोन आदिवासींना जहाजावर काय खाऊ घातले याची यादी आहे. तीत पाव आहे, उकडलेला मासा आहे, मध आहे, सुके अंजीर आहे आणि 'फार्तेइश' आहेत. पाहुण्यांना त्यांतले जवळजवळ काहीच रुचले नाही, असेही तो नमूद करतो. तोच ताफा पुढे सप्टेंबर १५००मध्ये कालिकतला पोहोचला. मकावची उशी ही त्या जहाजी खाऊची वारस. पोर्तुगालमध्ये ती मिठाई पुढे मागे पडली, मकावमध्ये बाळ येशूच्या डोक्याखाली राहिली.

१४/ गोव्यातील कुसवार किंवा वसईच्या ख्रिस्ती घरांतील नाताळचा फराळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे ताट परके वाटणार नाही. मकावमध्ये त्याचे मोठे रूप म्हणजे 'शा गोर्दु', शब्दशः 'लठ्ठ चहा'. बारसे, लग्न, वाढदिवस, सण, कोणतेही निमित्त चाले. दुपारच्या चहाच्या नावाखाली मोठ्या मेजावर तिखट-गोड पदार्थांची रास लावायची: 'बोलो मेनिनो' हा खोबरे-बदामाचा केक, रताळ्याची 'बाताताडा', 'जेनेते' बिस्किटे, लादू, बेबिंका. कोणत्या घरचा शा गोर्दु कसा झाला यावर त्या घरच्या बाईची पत ठरे.

१५/ आणि येथेच गोम आहे. ज्या गोष्टीवर पत ठरते ती गोष्ट माणूस वाटत नाही. मकावी घरांत पाककृती वहीत लिहून कुलुपात ठेवली जाई, आईकडून मुलीकडे जाई. मैत्रिणीने फारच आग्रह धरला तर कृती दिली जाई, पण त्यातला एखादा जिन्नस गाळून! मकावी मंडळी ही खोड स्वतःच हसत हसत सांगतात. आपल्याकडेही मसाल्याच्या डब्याबाबत हे राजकारण नवे नाही.

१६/ त्या वह्यांची भाषाही पाहण्यासारखी. मजकूर पोर्तुगीज, अधूनमधून पातुआ, आणि मापे चिनी: 'ताएल' आणि 'काते'. सोळा ताएलांचा एक काते, म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम. भट्टीची आच मात्र आकड्यात नसते. पाक कोणत्या 'पोन्तु'ला आला की उतरवायचा एवढेच लिहिलेले. पोर्तुगीज हलवायांच्या शास्त्रात त्यातली एक अवस्था 'फियो', म्हणजे धाग्याची. आपला एकतारी पाक जिला ठाऊक आहे तिला हे कळेल. जिने तो कधी केला नाही, तिला ती वही समोर असूनही उपयोग नाही.

कुलूपबंद वही, गाळलेला जिन्नस आणि हाताच्या अंदाजावर सोडलेली अर्धी कृती. अशी विद्या एका पिढीच्या खंडानेही नष्ट होऊ शकते.

१७/ खंड अनेक पडले. १८४१ साली ब्रिटिश हाँगकाँगमध्ये आले आणि मकावी तरुण तेथील पेढ्यांत कारकुनीसाठी जाऊ लागले. काही पुढे शांघायला गेले. दुसरे महायुद्ध, १९४९ची चिनी क्रांती, १९६६च्या डिसेंबरात मकावमध्ये उसळलेली दंगल, १९७४ची पोर्तुगालमधील राज्यक्रांती, आणि अखेर २० डिसेंबर १९९९ रोजी मकावचे चीनकडे हस्तांतर. प्रत्येक टप्प्यावर काही कुटुंबे पोर्तुगाल, ब्राझील, कॅलिफोर्निया, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे निघाली. वह्या त्यांच्या पेट्यांतून गेल्या.

१८/ मग कोणी दुकान का काढले नाही? मला तीन कारणे दिसतात. पहिले, मकावी पुरुषांची प्रतिष्ठेची वाट सरकारी नोकरी होती. दोन भाषा येणारा मकावी हा राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यातला दुवा. त्याने पाट-लाटणे घेऊन बाजारात बसणे घराण्याला शोभले नसते. दुसरे, नारळाचे दूध आणि अंडी यांची मिठाई दमट हवेत टिकत नाही. ती डब्यात भरून दूर पाठवता येत नाही. तिसरे आणि सर्वांत मोठे, विकायची म्हणजे कृती कामगाराला द्यावी लागते. गुपित आणि दुकान एकत्र नांदणे कठीण.

१९/ जे दुकानात मावण्यासारखे होते ते दुसऱ्यांनी विकले. सेंट पॉल चर्चच्या भग्न दर्शनी भिंतीकडे चढणाऱ्या गल्लीत आज दोन्ही बाजूंना मिठाईची दुकाने आहेत. विक्रेते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर चवीपुरती बदामी बिस्किटे ठेवतात. ही चिनी बिस्किटे मुगाच्या पिठाची, लाकडी साच्यात ठोकून भाजलेली, कोरडी आणि टिकाऊ. त्यांचे एक जुने नाव चोई हाँग युएन, मकावमध्ये १९३५पासून. चिनी कुटुंबाने चालवलेली, शेजारच्या चुंगशान भागातून आलेली ही परंपरा स्वतःच्या जागी अस्सलच आहे. पण ती मकावी समाजाच्या आजीची नव्हे.

२०/ आणि मकावची जगप्रसिद्ध मिठाई? कस्टर्डचे 'पोर्तुगीज एग टार्ट', वर करपट ठिपके पडलेले. बहुतेक पर्यटक तेच 'शतकानुशतकांचा वारसा' म्हणून खातात. त्याचे वय मात्र केवळ तीन-साडेतीन दशकांचे. अँड्र्यू स्टो नावाचा इंग्रज औषधशास्त्रज्ञ १९७९ साली मकावला आला. १९८९ साली त्याने कोलोआन या शांत बेटावरच्या खेड्यात 'लॉर्ड स्टोज बेकरी' उघडली. लिस्बनचे 'पाश्तेल द नाता' डोळ्यांपुढे ठेवून, पण त्यात इंग्रजी वळणाचे कस्टर्ड घालून त्याने आपले टार्ट घडवले. बघता बघता ते हाँगकाँग, तैवानपर्यंत पोहोचले.

२१/ ही बेकरीही कौटुंबिकच. अँड्र्यू २००६ साली वारला. त्यानंतर बहीण आयलीन यांनी ती सांभाळली. त्याची पूर्वीची पत्नी मार्गारेट हिने 'मार्गारेट्स कॅफे ए नाता' हे स्वतःचे दुकान चालवले, आणि तिच्याकडून कृती घेऊन केएफसीने हे टार्ट आशियाभर विकले. येथे कोणाचीही चूक काढण्याचा हेतू नाही. टार्ट उत्तम आहे. एका इंग्रजाने पोर्तुगीज पदार्थ सुधारून चिनी गिऱ्हाइकाला विकावा, हे मकावच्या चार शतकांच्या स्वभावाला धरूनच झाले. लादूही एके काळी असाच नवा आणि उपरा होता.

फरक एवढाच की टार्टची कृती बाहेर पडली म्हणून ते पसरले, आणि लादूची आत राहिली म्हणून तो आक्रसला.

२२/ आकडे पाहा. २००२ साली जुगारगृहांवरील एकाधिकार संपला. २००६ साली मकावच्या जुगाराच्या उत्पन्नाने लास व्हेगासच्या मुख्य पट्ट्याला मागे टाकले. २०१९ साली मकावला सुमारे ३ कोटी ९४ लाख पाहुणे आले. पावणेसात लाखांच्या शहरात! प्रत्येकाने परतताना एक डबा नेला असे धरले, तर त्या डब्यांत काय असेल हे ठरवणारी शक्ती कोणत्याही आजीच्या वहीपेक्षा मोठी आहे. जे टिकते, रचता येते आणि विमानात नेता येते, तेच 'मकावची मिठाई' ठरणार. बेबिंका द लैतला त्या शर्यतीत पायच नाहीत.

२३/ तरीही काही घरांनी दार उघडले. आयदा द जेझुस (१९१५–२०२१) यांचे नाव यात पहिले घ्यावे लागेल. 'मकावी पाककलेच्या गॉडमदर' म्हणून त्या ओळखल्या जात. 'रिकशो' नावाची त्यांची साधीशी खाणावळ म्हणजे घरच्या मकावी जेवणाचे एक सार्वजनिक ठिकाण होते. कन्या सोनिया पाल्मर बरोबर असत, आणि शंभरी उलटल्यावरही आयदाबाई तेथे येऊन बसत. १०५व्या वर्षी त्या गेल्या. घरचे ताट पैसे घेऊन कोणालाही वाढणे, हे त्या समाजाच्या जुन्या रीतीकडे पाहता किती मोठे पाऊल होते, हे वरचे पाच-सहा भाग वाचल्यावर ध्यानात येईल.

२४/ दुसरे दार छापखान्याचे. ग्रासा पाशेको जॉर्ज यांनी आजोबांच्या घरातील पाककृतींचे पुस्तक १९९२ साली मकावमध्ये प्रसिद्ध केले. हस्तांतराला सात वर्षे उरली होती; कोणते कुटुंब कोठे जाणार याची चर्चा घरोघरी चालू होती. ज्या वह्या शेजारणीला दाखवत नसत त्या आता छापून देण्याची वेळ आली होती. १९९३पासून जगभर पांगलेल्या मकावी मंडळींचे मेळावे मकावमध्ये भरू लागले, आणि २००७ साली मकावी पाककलेचा एक बंधुसंघही स्थापन झाला. तेथे सदस्य झगे घालून मिरवतात याची थट्टा होते. होऊ द्यावी. गाळलेले जिन्नस परत लिहून काढण्याचे काम त्यांच्यापैकीच काहींनी केले.

२५/ सरकारी शिक्केही आले. २०१२ साली मकावने मकावी पाककलेला आणि पातुआ नाटकाला आपल्या अमूर्त वारशात स्थान दिले. २०१७ साली युनेस्कोने शहराला पाककलेचे सर्जनशील नगर म्हटले. २०२१ साली चीनच्या राष्ट्रीय यादीत दोन्ही परंपरा दाखल झाल्या. ज्या समाजाला मागे ठेवून साम्राज्य निघून गेले, त्याचे अंथरूण घातलेले नाताळचे ताट आज बीजिंगच्या यादीत आहे. इतिहासाचे हे वळण १९९९ साली कोणी वर्तवले नसते.

२६/ इकडे २०२३ साली गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे गोव्याचा बेबिंका कशाला म्हणावे हे आता कागदावर नोंदले गेले आहे. त्याचा बिनथरांचा मकावी भाऊ मात्र कोणत्याही कागदावर असा बांधलेला नाही. दर घरागणिक दुधाचे, नारळाचे, अंड्यांचे प्रमाण बदलते आणि प्रत्येक घर दुसऱ्याचे चुकले असे मानते.

२७/ मकावला कधी गेलात तर डोंगरउतारावर एक पिवळी-पांढरी, कमानींची इमारत दिसेल. तिला 'मूर लोकांची बराक' म्हणतात. १८७४ साली ती गोव्याहून आणलेल्या हिंदी शिपायांसाठी बांधली गेली. आज ती मकावच्या जागतिक वारसास्थळांत आहे. त्या शिपायांची शिधायादी मला पाहायला आवडली असती. तेथून खाली गल्ल्यांत उतरावे, एखादी मकावी खाणावळ शोधावी आणि टार्ट न मागता विचारावे, आज लादू आहे का. बहुधा नकार मिळेल. नाताळच्या आठवड्यात मात्र, आधी सांगून ठेवले असेल तर, होकारही मिळतो.